नांदेडच्या मतदाराला 'विकला गेला' म्हणणाऱ्यांना आमचा सवाल

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे निकाल लागले आणि त्याच संध्याकाळपासून आंबेडकरी वस्त्यांत एक शब्द फिरू लागला. 'विकले गेले!' कार्यकर्ता कार्यकर्त्याला फोन करून हेच सांगत होता. बुद्धविहाराच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर, धम्मवर्गाच्या बैठकीत हेच. आमच्याकडे आलेल्या पत्रांतही हाच सूर होता. कुणी 'दीड हजारात विकले गेले' म्हणत होता, तर कुणी 'समाज मेला' असे लिहून मोकळा झाला होता. ही पत्रे आम्ही वाचली. ती लिहिणाऱ्यांची तळमळ आम्हाला मान्य आहे. परंतु निष्कर्ष मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी आम्ही वाचकांना नांदेडला घेऊन जात आहोत.

नांदेडच का? कारण २० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेडमध्ये जे घडले ते राज्यात इतरत्र घडू शकत नव्हते. लोकसभेला निवडून आलेले काँग्रेसचे वसंतराव चव्हाण यांचे ऑगस्टमध्ये निधन झाले. त्यामुळे विधानसभेच्या मतदानाबरोबरच नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक झाली. एकाच खोलीत दोन मशीन. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. मतदार तोच, बोटावरची शाई एकदाच लावलेली, आणि दोन बटणे दाबायची. निकाल काय लागला? लोकसभेला काँग्रेसचा पंजा १,४५७ मतांनी जिंकला. आणि त्याच लोकसभेतील भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड या सहाच्या सहा विधानसभा मतदारसंघांत महायुती जिंकली. चार ठिकाणी कमळ, दोन ठिकाणी धनुष्यबाण.

पाच मिनिटांच्या अंतराने हजारो माणसांनी एक बटण इकडे आणि एक तिकडे दाबले. हे मतदार कोणत्या जातीचे होते हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यात मराठा असतील, लिंगायत असतील, मुस्लिम असतील, मातंग असतील. दिवंगत खासदाराच्या मुलाबद्दलची सहानुभूती असेल, स्थानिक उमेदवारांची भांडणेही असतील. परंतु आमचे जयभीमवाले त्यात नव्हते असे म्हणण्याचे धाडस नांदेडचा कोणताही कार्यकर्ता करणार नाही. आम्ही विचारले, तेव्हा कोणी केले नाही.

मग जो सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी विकला गेला तो अकरा वाजून पाच मिनिटांनी विकला गेला नव्हता काय? खरेदी करणारा इतका दिलदार कुठला की, पैसे पूर्ण मोजून एकच मशीन विकत घेईल?

निकालानंतर त्या भागातील एका वस्तीत आमचा एक सहकारी गेला होता. तिथे एक तरुण कार्यकर्ता शेतमजुरी करणाऱ्या एका मावशीला सर्वांसमोर झापत होता. मावशीने ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "दादा, दिल्लीच्या मशीनला घटनेसाठी मत देलं, मुंबईच्या मशीनला लेकरायसाठी देलं. ह्यात म्या कोणाला इकलं, सांग बरं?" कार्यकर्त्याला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर आमच्या सहकाऱ्यालाही सुचले नाही. त्याने परत येऊन आम्हाला ते वाक्य सांगितले, तेव्हा संपादकीय विभागातही बराच वेळ कोणी बोलले नाही.

वैचारिक सीमा ओलांडली, असा तिच्यावर आरोप आहे. ठीक आहे. परंतु ही सीमा पहिल्यांदा कोणी ओलांडली? जरा नांदेडचीच वही उघडू या.

१९८७ साली नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाळासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांच्यासमोर काँग्रेसचे अशोक चव्हाण. चव्हाण निवडून आले आणि तिथून त्यांची कारकीर्द सुरू झाली. पुढे २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने राज्यभरात ४१ लाखांच्या घरात मते घेतली. नांदेडमध्ये वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाहून अधिक मते पडली आणि अशोक चव्हाण चाळीस हजारांच्या आसपास मतांनी पडले. त्यानंतर पाच वर्षे आम्हाला काय ऐकावे लागले? 'तुमच्यामुळे भाजप आली', 'तुम्ही भाजपची बी टीम', 'तुम्ही धर्मनिरपेक्ष मते फोडली'. तथाकथित पुरोगामी मंडळींनी व्याख्यानांतून, लेखांतून आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आणि ज्यांच्या पराभवाबद्दल हे सगळे चालले होते ते अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच भाजपमध्ये गेले व राज्यसभेवर पोहोचले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या कन्या भोकरमधून कमळावर आमदार झाल्या. भोकरचा मतदार वर्षानुवर्षे त्याच घराला मत देत होता. त्याने घर बदलले नाही, घरावरची पाटी बदलली. मग सीमा ओलांडली ती मतदाराने की घराने?

देगलूर घ्या. हा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव. २०२१ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे जितेश अंतापूरकर निवडून आले. त्यांच्याविरुद्ध भाजपने कोणाला उभे केले होते? शिवसेनेतून आलेल्या माजी आमदाराला. २०२४ मध्ये अंतापूरकर स्वतःच भाजपमध्ये गेले आणि कमळावर निवडून आले. तीन वर्षांत देगलूरच्या मतदारासमोर तेच चेहरे फिरून फिरून वेगवेगळ्या चिन्हांवर आले. राखीव जागेचा आमदार समाजाचा असतो हे केवळ कागदावर. तो ज्या पक्षाचे तिकीट घेतो त्या पक्षाचा असतो. पुणे कराराची ही फळे आम्ही नव्वद वर्षांहून अधिक काळ खात आहोत.

आणि आता आमच्याच घरात डोकावू या, कारण दुसऱ्याच्या घरातील केर दाखवून आपला लपत नाही. २०११ साली रामदास आठवले यांनी शिवसेना-भाजपशी हात मिळवला आणि त्याला 'शिवशक्ती-भीमशक्ती' असे नाव देण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये वंचित बहुजन आघाडीने उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेशी युती जाहीर केली, तेव्हाही तोच शब्द वापरला गेला. ज्या शिवसेनेने नामांतराला विरोध केला, 'रिडल्स'च्या वेळी रस्त्यावर मोर्चे काढले, तिच्याशी युती करताना आमच्या नेत्यांनी वस्तीतल्या माणसाला विचारले होते काय? आम्हाला तरी आठवत नाही. नेता गेला की ती 'रणनीती', मतदार गेला की ती 'गद्दारी'. हा न्याय आम्हाला पटत नाही.

नांदेडला नामांतराची आठवण पुस्तकात शोधावी लागत नाही. १९७८ साली याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारले गेले. १९९३ साली याच शहरात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. त्या वस्त्यांतल्या माणसांना कोण आपले आणि कोण परके हे आम्ही अग्रलेख लिहून शिकवावे, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. ते सर्व माहीत असूनही २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रभर आमच्या लोकांनी पंजाला मत दिले, तुतारीला दिले आणि मशालीलाही दिले. ईशान्य मुंबई पाहा. त्या मतदारसंघात घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर येते. ११ जुलै १९९७ रोजी तिथे पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या पोलीस गोळीबारात दहा माणसे मेली. तेव्हा सरकार शिवसेना-भाजप युतीचे होते. २०२४ मध्ये त्याच ईशान्य मुंबईतून मशालीचा खासदार निवडून आला. रमाबाई नगरातल्या माणसाला ११ जुलै विसरता येतो काय? तिथे दरवर्षी अभिवादन होते. तरी त्या मतदारसंघातल्या आमच्या वस्त्यांतून मशालीला मते गेली, हे कोणी नाकारत नाही.

का गेली? कारण 'चारसौ पार'. कर्नाटकातील भाजपचे तत्कालीन खासदार अनंतकुमार हेगडे यांनी मार्च २०२४ मध्ये घटना बदलण्यासाठी मोठे बहुमत हवे असे जाहीरपणे सांगितले. पक्षाने हात झटकले, त्यांना तिकीटही दिले नाही, परंतु तोवर ते वाक्य गावागावात पोहोचले होते. त्यावेळी आमच्या माणसाने हिशेब मांडला. समोर दोन शत्रू असतील तर आज कोणाच्या हातात जास्त ताकद आहे? जुन्या जखमेचा हिशेब पुढे करता येईल, घटना गेली तर हिशेब करायला जागाच राहणार नाही. म्हणून त्याने मशालीचे बटण दाबले. त्याच कारणाने वंचितच्या मतांची २०१९ च्या तुलनेत मोठी घसरण झाली आणि खुद्द बाळासाहेब आंबेडकर अकोल्यात तिसऱ्या क्रमांकावर गेले. हे आम्हाला आवडले नाही. परंतु यात विक्री कुठे आहे? उत्तर प्रदेशातल्या फैजाबादमध्ये, जिथे अयोध्या आहे त्या सर्वसाधारण जागेवर, समाजवादी पक्षाचे अवधेश प्रसाद हे पासी समाजाचे उमेदवार निवडून आले. तिथल्या ज्या दलितांनी हत्ती सोडून सायकलचे बटण दाबले, त्यांनीही असाच काही हिशेब केला असणार.

आता नोव्हेंबरकडे येऊ. विधानसभेला घटना धोक्यात आहे असे वाटले नाही, कारण घटना दिल्लीत बदलते, मुंबईत नाही, हे मावशीला आमच्या कित्येक वक्त्यांपेक्षा जास्त स्वच्छ कळले होते. मुंबईच्या मशीनसमोर उभी असताना तिच्या डोळ्यासमोर दुसरे काही होते. जुलै ते नोव्हेंबरचे पाच हप्ते, साडेसात हजार रुपये, दिवाळीच्या आधी तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर जमा झाले होते. नवऱ्याच्या नव्हे, तिच्या. 'लाडकी बहीण' हे नाव आम्हाला आवडत नाही. नागरिकाला बहीण करून ओवाळणी टाकण्याची ही सरंजामी भाषा आहे. परंतु शहरात पगार घेणाऱ्या आमच्या मध्यमवर्गीय बांधवांनी दीड हजाराची चेष्टा केली तेव्हा आम्हाला संताप आला. ज्या घरात महिन्याचे पंधरा दिवसच काम लागते त्या घरात दीड हजार म्हणजे काय, हे विसरण्याइतके आपण कधीपासून मोठे झालो? आणि विरोधकांनी तरी काय केले? आधी तिजोरी रिकामी होईल म्हणून ओरडले, मग 'महालक्ष्मी' नाव देऊन तीन हजारांचे आश्वासन दिले. म्हणजे तत्त्वाचा प्रश्नच उरला नाही. हातात आलेला दीड हजार आणि भाषणातला तीन हजार यांत मावशीने हातातला निवडला. एखाद्या वाण्यानेही हेच केले असते.

मात्र इथे एक गोष्ट आहे जी मावशीला कोणी सांगितली नाही. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा चारशे कोटींहून अधिक निधी या योजनेकडे वळवण्यात आला. आदिवासी विकास विभागाचाही निधी वळवला गेला. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यानेच त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. हा पैसा कशाचा होता? अनुसूचित जातींच्या मुलामुलींची शिष्यवृत्ती, वसतिगृहे, निवासी शाळा, वस्तीतील रस्ते ज्या खात्यातून व्हायचे त्या खात्याचा. म्हणजे आईच्या खात्यात जमा झाले ते लेकीच्या वसतिगृहातून काढून. मावशीने मत दिले 'लेकरायसाठी', आणि हात घातला गेला तो लेकरांच्याच ताटात. ही माहिती घेऊन किती कार्यकर्ते त्या वस्तीत गेले? शिवी घेऊन जाणारे मात्र पुष्कळ होते.

ज्यांना ओलांडणारा मतदार म्हणजे पापी वाटतो त्यांनी जरा १९५४ च्या मे महिन्यातील भंडारा आठवावा. तेव्हा मतदारसंघ दुहेरी असत. एक जागा राखीव, एक सर्वसाधारण, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे स्वतः बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दोन वर्षांपूर्वी उत्तर मुंबईत बाबासाहेबांना काजरोळकरांनी साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरवले होते आणि हजारो मते बाद झाली होती. मते कुजवण्याचा प्रचार झाल्याची तक्रार बाबासाहेबांनी व मेहतांनी दाव्यात केली होती. ती जखम ताजी होती. म्हणून भंडाऱ्यात आमच्या कार्यकर्त्यांनी सुचवले की, आपल्या माणसांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे जाळावे. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवा असे सांगायचे? फेडरेशनच्या माणसाने दुसरे मत मेहतांना दिले. मेहता निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले.

त्या दिवशी आमच्या बापजाद्यांनी बाबासाहेबांच्या शब्दावर विचारसरणीची सीमा ओलांडून दुसऱ्या पक्षाला मत दिले. ओलांडले नाही ते समाजवाद्यांच्या सवर्ण मतदारांनी. तेव्हापासूनचा आमचा खरा प्रश्न हा आहे की, आमचे मत पलीकडे गेल्यावर पलीकडचे मत आमच्याकडे येते काय?

एकदा आले होते. १९९६ साली महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी १५ जागा होत्या. १९९८ मध्ये रिपब्लिकन गट एकत्र आले, शरद पवारांशी बोलणी झाली, चार जागा ठरल्या. काँग्रेस १५ वरून ३३ वर गेली आणि अकोल्यातून बाळासाहेब आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले असे चार खासदार निवडून आले. चारही सर्वसाधारण जागांवरून! म्हणजे मराठा, कुणबी, मुस्लिम मतदाराने तेव्हा उगवत्या सूर्याचे म्हणा, निळ्या झेंड्याचे म्हणा, बटण दाबले नाही, तर शिक्का मारला. कारण करार उघड होता. प्रत्येक गावाला माहीत होते की आपण काय देतो आहोत आणि त्याबदल्यात काय घेतो आहोत. पुढे ते ऐक्य कसे मोडले ते सांगून आम्ही वाचकांचे मन पुन्हा दुखवत नाही.

२०२४ मध्ये असा करार नव्हता. महाविकास आघाडी आणि वंचित यांची बोलणी फिसकटली, दोघांनी एकमेकांवर आरोप केले आणि मतदाराला वाऱ्यावर सोडले. मग प्रत्येक घराने आपापली युती केली. लोकसभेला एकट्याने पंजाशी, नोव्हेंबरमध्ये एकट्याने कमळाशी. एकट्याने केलेल्या युतीत जागा मिळत नाहीत, महामंडळ मिळत नाही, साधा सरपंचही दारात येत नाही. फार तर दीड हजार मिळतात. यात चूक त्या घराची किती आणि त्याच्यासाठी बोलणी करायला बसलेल्यांची किती, हे वाचकांनी ठरवावे.

दोन गोष्टी अजून, थोडक्यात. पहिली ईव्हीएमची. मतपत्रिकेची मागणी आमचीही आहे आणि राहील. परंतु ज्या वस्तीत माणसे स्वतःच्या तोंडाने कोणते बटण का दाबले ते सांगत आहेत, तिथे सगळे खापर मशीनवर फोडून आपण त्यांचे ऐकायचेच टाळत आहोत. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. नांदेड जिल्ह्यात मातंग समाज मोठा आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली आणि आमच्या वस्त्यांत एक भिंत उभी राहिली. मातंग बांधवांना त्यात न्याय दिसतो, बौद्धांना त्यात फूट दिसते. आम्ही उपवर्गीकरणाच्या आजच्या स्वरूपाला विरोध केला आहे. परंतु राज्यातल्या ५९ अनुसूचित जातींपैकी एकाच जातीची चाल सगळ्यांनी चालावी आणि जो चालला नाही त्याने 'सीमा ओलांडली' असे आम्ही म्हणतो, तेव्हा सीमा कोणी आखली हे विचारण्याचा मातंग बांधवाला हक्क आहे. अण्णा भाऊंच्या जयंतीला आपल्यापैकी कितीजण त्यांच्या वस्तीत गेलो, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

म्हणून आमची कार्यकर्त्यांना सूचना अगदी साधी आहे. पुढच्या निवडणुकीची बोलणी नेत्यांच्या बंगल्यात सुरू होण्याआधी वस्तीत सुरू करा. विहारात बैठक बोलवा, त्यात बायकांना आधी बोलू द्या. दिल्लीच्या मशीनसाठी काय हवे, मुंबईच्या मशीनसाठी काय हवे, जिल्हा परिषदेसाठी काय हवे, हे वेगवेगळे लिहून घ्या. युती करायची तर ते कागद टेबलावर ठेवून करा, आणि काय मिळाले, काय सोडले हे परत येऊन त्याच विहारात सांगा. सामाजिक न्यायाचा पैसा कुठे वळवला त्याचा शासन निर्णय काढून मावशीला वाचून दाखवा. तिला वाचता येत नसेल तर तिच्या लेकीकडून वाचून घ्या.

आणि नांदेड, देगलूर, नायगाव, मुखेड, भोकरच्या वाचकांना आमची विनंती आहे. २० नोव्हेंबरला आपण पांढऱ्या मतपत्रिकेवर कोणते बटण दाबले, गुलाबीवर कोणते, आणि का, हे आम्हाला चार ओळींत कळवा. मत गुप्त आहे, सांगायचे नसेल तर सांगू नका. नाव लिहू नका, लिहिले तरी आम्ही छापणार नाही. शिवीगाळ असलेली पत्रे मात्र आता पुरे झाली, ती या पानावर येणार नाहीत.